बॅटरीचा दिवा

त्या दिवशी मी तेल आणायला विसरले. खरं तर एवढीच गोष्ट आहे. पुढचं सगळं त्या विसरण्याच्या मागून आलं.

आमचं घर वलगावात आणि शेत गावापासून तीन किलोमीटरवर, दर्यापूर रोडला. आम्ही फुलवाले. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. पहाटे तोडायचं, टोपल्या भरायच्या आणि उजाडायच्या आत अमरावतीच्या फुलबाजारात पोचायचं. मी अकोल्याची, शहरात वाढलेली, बी.कॉम. झालेली. लग्नानंतर पहिलं वर्षभर मी फुलांच्या वासाने शिंकत होते आणि शेखर मला ‘ॲलर्जीवाली मॅडम’ म्हणत होता. शेखर म्हणजे माझा नवरा. बोलका, हसरा, समोरच्याची टिंगल केल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही असा माणूस. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो माणूस येईल तो वेगळा आहे.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या बोअरचं पाणी गेलं. मग शेतातली जुनी विहीर उघडायचं ठरलं. चार वर्षं ती वापरात नव्हती. वर पत्रे, पत्र्यांवर बोरीच्या काट्या. आणि लाज सोडून सांगायचं तर त्या विहिरीचा आम्ही उकिरडा केला होता. दिवाळीत झेंडूचा भाव पडला की उरलेला माल कुठे टाकायचा? एक पत्रा सरकवायचा आणि टोपल्या खाली रिकाम्या करायच्या. चार दिवाळ्यांचा झेंडू त्या तळाशी कुजत पडला होता.

आमच्या घरात विहिरीत माणूस उतरण्याआधी दिवा सोडायची रीत आहे. टोपलीत दिवा ठेवायचा, सुतळीने हळूहळू तळापर्यंत सोडायचा, वर उभं राहून शंभर आकडे मोजायचे आणि मग ओढून घ्यायचा. ही रीत माझ्या सासूबाईंनी, तानुबाईंनी, जपलेली. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ भगवंतराव याच विहिरीत गाळ काढताना गेले. शेखर तेव्हा जन्मलाही नव्हता. घरात त्यांचा फोटो नाही, पण त्यांच्या काही सवयी सासूबाईंच्या अंगात राहिल्या आहेत. देवाजवळचा दिवा त्या कधी फुंकत नाहीत. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत वात धरतात आणि विझवतात. “भाऊजीनं शिकवलं मले,” म्हणतात. विहिरीतला दिवाही मला तसाच वाटायचा, त्यांची आठवण म्हणून केलेली पूजा. तो कशासाठी असतो हे कोणी मला सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

सासूबाई त्या दिवशी दर्यापूरला, भाचीच्या घरी बारशाला गेल्या होत्या. मी सकाळी बाजारातून येताना नवा दोर, नारळ, उदबत्ती, पेढे, सगळं आणलं. शेतातल्या खोपडीत, म्हणजे आमच्या झोपडीत, पिशवी उपसली तेव्हा लक्षात आलं, तेल नाही.

“आता तेलासाठी तीन किलोमीटर कोन जाईन?” मी म्हणाले. सकाळचे नऊच वाजले होते, पण ऊन आत्ताच टोचत होतं.

खोपडीच्या खुंटीला दिवाळीतला एक दिवा लटकत होता. पिवळ्या प्लॅस्टिकची पणती, वर प्लॅस्टिकचीच ज्योत, खाली बटन. शेखरने तो काढला, बटन दाबलं. ज्योत पेटली.

“झकास,” तो म्हणाला. “थोरल्या बाबाले औंदा मॉडर्न दिवा. इझायचं टेन्शनच नाई.”

आम्ही सगळे हसलो. मी हसले, माझा दीर जीवन हसला, मजुरीने आणलेले दोन गडी हसले. मी तो दिवा टोपलीत ठेवला आणि माझ्या हाताने खाली सोडला. पत्रे काढल्यापासून विहिरीतून एक वास येत होता. कुजक्या फुलांचा, पण त्यात गोडसरपणा होता. डोकावलं की डोकं जड व्हायचं. खाली खोल एक पिवळा ठिपका स्थिर जळत होता. मी शंभर आकडे मोजले, टोपली वर ओढली. दिवा तसाच चालू. टोपलीसकट मी तो खोपडीत नेऊन खुंटीला टांगला आणि बाहेर येऊन म्हणाले,

“दिवा आहे. उतरा तुमी.”

तेवढंच बोलले. आजही कधी भांडी घासताना हे शब्द कानात येतात आणि हात थांबतो.

शेखर कमरेला दोर बांधून उतरला. खाली पोचल्यावर काम करायला सोपं जावं म्हणून त्याने दोर सोडला. खालून त्याचा आवाज आला, “लय घान वास आहे बे...” आणि मग आवाज आला नाही. जीवनने हाका मारल्या. मी वाकून पाहिलं. तो तळाशी, कुजक्या फुलांच्या चिखलात आडवा पडला होता.

जीवन उडी मारायलाच निघाला होता. गड्यांनी त्याला धरून ठेवलं. शेजारच्या वावरातून खुशालराव धावत आले. त्यांच्याकडे संत्र्यावर फवारणी करायचा हवेचा पंखा असलेला ट्रॅक्टर होता. त्यांनी तो विहिरीच्या काठाशी लावला, खाली हवा सोडली, आणि मग जीवन दोर बांधून उतरला. शेखर वर आला तेव्हा ओठ निळे होते आणि डोळे उघडे. पाव तास गेला असेल. मला विचाराल तर एक जन्म गेला.

अमरावतीच्या दवाखान्यात दोन दिवस त्याला ऑक्सिजनवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्याकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “ॲलर्जीवाली मॅडम, रडून काहून राहिली?”

आठव्या दिवशी आम्ही घरी आलो. निघताना डॉक्टरांनी कागद दिला, काही समजावून सांगितलं. मी मान डोलवत होते, लक्ष सगळं दारात उभ्या गाडीकडे. घरी आल्यावर तो कागद घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवला, सगळे कागद ठेवतो तसा.

सासूबाईंनी पोराला पोटाशी धरलं, त्याच्यावरून भाकर ओवाळून टाकली, आणि मग मला स्वयंपाकघरात गाठलं.

“दिवा सोडला होता नं व?”

“सोडला होता.”

“इझला?”

“नाही.”

यात खोटं काहीच नव्हतं. दाराशी उभ्या जीवनने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो बाहेर निघून गेला. सासूबाई मात्र जागच्या जागी उभ्या राहिल्या.

“दिवा जित्ता होता, म्हंजे हवा चांगली होती,” त्या हळूच म्हणाल्या. “खाली हवा नसन तं दिवा इझते. त्यासाठीच सोडतो आपन. मंग हे हवेचं नाई... दुसरंच काही आहे.”

तेव्हा मला कळलं तो दिवा कशासाठी असतो. पायाखालची जमीन सरकणं मी ऐकलं होतं, त्या दिवशी अनुभवलं. सांगायला हवं होतं. तिथेच, त्या क्षणी. पण तोंड उघडलं नाही. शिकलेली सून, तोंडाने फटकळ, आणि नवऱ्याला स्वतःच्या हाताने विहिरीत लोटून आली. म्हटलं, आता बरा झालाय ना? मग कशाला उगाच.

आणि तो बरा होताच. तीन आठवडे खरंच बरा होता. बाजारात जाऊ लागला, व्यापाऱ्यांशी भांडू लागला, माझ्या पोळ्यांना नावं ठेवू लागला. एकदा तर त्याने विहिरीत पडल्याची नक्कल करून जीवनला हसवलं. मी मनातल्या मनात देवाला हजार वेळा हात जोडले.

एकविसाव्या दिवशी सकाळी शेखर दारात उभा होता. एका पायात चप्पल, दुसरी समोर. माझी भाजी चिरून झाली, कणीक मळून झाली, तरी तो तसाच उभा.

“अहो, जायचं नाही काय?”

त्याने मान वळवली. खूप हळू. आणि हसला. ते हसू कशाला होतं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सदरा उलटा घातला. तिसऱ्या दिवशी तीन शब्द बोलला, चौथ्या दिवशी एक. पाचव्या दिवसापासून बोलणंच बंद झालं. चाल बदलली. पाय उचलायचा नाही, घासत घासत टाकायचा. पाण्याचा पेला ओठाला लावायचा आणि प्यायचं विसरून जायचा. पाणी गळ्यावरून छातीवर उतरायचं, पेला ओठाला तसाच. अंथरूण ओलं व्हायचं, त्याला पत्ता नसायचा. मी हाक मारली की डोळे माझ्याकडे यायचे, पण उशिरा. जणू हाक आधी कुठे तरी खोल जाऊन मग त्याच्यापर्यंत पोचत होती.

जून सुरू झाला होता, पावसाचा मागमूस नव्हता. लोकांना रात्रीची भीती वाटते. मला दुपारची वाटायला लागली. वीज गेलेली असायची, कूलर बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. पत्रे उन्हाने तापून मधूनच तडतडायचे. आणि शेखर ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा. त्या भिंतीपलीकडे, तीन किलोमीटरवर, ती विहीर होती. मी त्याला उठवून दुसरीकडे बसवायची. भांडी आवरून बाहेर यावं तर तो पुन्हा तिकडेच तोंड करून.

एका दुपारी मला डोळा लागला. जाग आली ती वासाने. कुजक्या झेंडूचा तोच गोडसर वास. घरात त्या दिवसांत झेंडूची पाकळीसुद्धा नव्हती. डोळे उघडले तर शेखर माझ्या उशाशी उभा. वाकलेला. चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

“काय... पायजे तुमाले?”

तो बघत होता, पण माझ्याकडे नाही. माझ्या आरपार, खाली कुठे तरी. विहिरीत वाकून बघतात तसा. मी श्वास धरून पडून राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग तो वळला आणि पाय घासत ओसरीत जाऊन बसला. ज्याच्या शेजारी नऊ वर्षं झोपले त्या माणसाची मला भीती वाटली. हे लिहितानाही लाज वाटते.

गावात बोलणं सुरू झालंच होतं. खुशालराव भेटायला आले, शेखरसमोर बसून राहिले, आणि जाताना मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, रागावू नका. मी त्याले वर काढला तवाच पायलं. डोळे उघडे होते, पन त्या डोळ्यातून पायनारा शेखर नव्हता. वर आला तो कोनी दुसराच आहे. शेखर खालीच राह्यला.”

खुशालराव खोटं बोलणारे नाहीत. त्यांच्यामुळेच माझा नवरा वर आला. म्हणून ते शब्द जास्त लागले.

सासूबाईंनी तर ठरवूनच टाकलं होतं. दिवा विझला नाही म्हणजे हवा चांगली होती. हवा चांगली होती म्हणजे पोराला धरलं ते भगवंतरावांनीच. लिंबू झालं, नारळ झाला. मी “दवाखान्यात नेऊ” म्हटलं की त्या म्हणायच्या, “दवाखान्यानं हवेचं औषध केलं. हे हवेचं नाई, तूच तं सांगतलं.” मी गप्प बसायची. प्रत्येक वेळी त्या गप्प बसण्याची किंमत शेखर भरत होता आणि मला ते दिसत होतं.

अमावास्येच्या दुपारी त्या त्याला विहिरीवर घेऊन गेल्या. बरोबर मी आणि जीवन. काठावर उभं करून तीनदा नाव घेऊन बोलवायचं, म्हणजे खालचा वर येतो आणि वरचा खाली जातो, असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. ऊन डोक्यावर. सावली पायाखाली गोळा झालेली. विहिरीचा वास लांबूनच येत होता. शेखर काठावर उभा राहिला, खांबासारखा, आणि खाली बघू लागला. जीवनने त्याचा दंड धरला होता.

सासूबाई वाकल्या. “शेखर... वर ये रे बापा...”

खालून तोच आवाज परत आला. वर ये रे बापा...

“शेखर... वर ये रे बापा...”

परत आला. थोडा उशिरा.

“शेखर... वर ये रे बापा...”

आम्ही वाट बघितली. या वेळी काहीच परत आलं नाही. वाकून ऐकणाऱ्या सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. मग मला दिसलं, शेखरचा एक पाय पुढे सरकत होता. घासत, हळूहळू, काठाबाहेर. जीवन खाली बघत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

मी शेखरला मिठी मारून मागे ओढलं. दोघंही ढेकळांत पडलो. आणि पडल्या पडल्या मी ओरडले, “आई, दिवा बॅटरीचा होता! तेल नव्हतं. दिवाळीचा बॅटरीचा दिवा सोडला मी! तो कशानं विझन? मीच म्हटलं उतरा म्हनून... मीच!”

सासूबाई जवळ आल्या. त्यांनी मला एक थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची. मग तिथेच मातीत बसल्या, माझं डोकं छातीशी धरलं आणि रडू लागल्या.

“मंग हवेचंच आहे नं व...” त्या म्हणत होत्या. “हवेचंच आहे नं... सांगाचं नं पोरी. जीवन, गाडी बोलाव रे. गाडी बोलाव आधी.”

घरी येऊन मी देवाच्या फोटोमागचा कागद काढला. सगळ्यात खाली, पेनने लिहिलेली एक ओळ होती: पुढचा महिनाभर लक्ष ठेवावे. बोलण्या-वागण्यात काही बदल वाटल्यास त्वरित घेऊन यावे. डॉक्टरांनी ते मला तोंडीही सांगितलं असणार. मी गाडीकडे बघत होते.

माझा भाऊ अनुप अकोल्याला असतो. त्याच्या ओळखीने त्याच संध्याकाळी आम्ही मेंदूच्या डॉक्टरकडे पोचलो. डॉक्टर चारुता. माझ्याच वयाची बाई, पायात साध्या चपला, बोलणं थेट. तिने शेखरला तपासलं, फोटो काढायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो उजेडासमोर धरून आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं.

“मेंदूला हवा कमी पडली की मार बसतो. बहुतेक वेळा तो लगेच दिसतो. पण काही जणांत मेंदू आधी सावरतो, माणूस उठतो, हसतो, कामाला लागतो, आणि दोन-चार आठवड्यांनी आतल्या वायरींवरचं आवरण खराब व्हायला लागतं. मग बोलणं जातं, चाल जाते, माणूस ओळखू येत नाही. क्वचित होतं, पण होतं. तुम्ही घाबरलात यात नवल नाही.”

“वास येते त्याच्या अंगाले,” मी म्हणाले. “झेंडूचा.”

तिने फोटो खाली ठेवला. “तो वास खरंच त्यांच्या अंगाला आहे की फक्त तुम्हाला येतो, ते मी सांगू शकत नाही.”

सासूबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, “बाई, एकच सांग. हा मायाच पोरगा आहे नं?”

डॉक्टर चारुताने त्यांचा हात धरला. “आजी, तुमचाच आहे. वाटेत आहे. येऊन राहिला, जरा दमानं. अशातले बरेच जण परत येतात.”

त्या एका वाक्यावर आम्ही तीन महिने काढले. अनुपच्या घरी, अकोल्यात. चारुताने औषधं दिली, व्यायाम शिकवणारा माणूस रोज यायचा. मी शेखरला लहान पोरासारखं भरवायची, आंघोळ घालायची, आणि अखंड बोलायची. बाजार, झेंडू, जीवनचं लग्न कसं जमवायचं, खुशालरावांची गाय व्याली, काहीही. दुपारी मात्र मी दाराला कडी घालायची आणि त्याची खुर्ची भिंतीपासून लांब ठेवायची. डॉक्टरवर विश्वास होता. तरीही ठेवायची.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी त्याला बशीतून चहा पाजत होते. दुसऱ्या घोटाला त्याने तोंड वाकडं केलं.

“साखर...” तो म्हणाला. “साखर नाई.”

मी खरंच साखर विसरले होते. मी किती हसले आणि किती रडले ते अनुपच्या बायकोला विचारा. ती धावत डबा घेऊन आली आणि आम्ही दोघींनी मिळून त्या बशीत एवढी साखर घातली की पिता येईना. शेखर आमच्याकडे बघत होता. माझ्याकडेच. आरपार नाही.

दिवाळीला तो झेंडूच्या टोपल्या मोजत होता. आज उजवा हात जरासा थरथरतो, कधी शब्द अडतो, कधी एकच गोष्ट दोनदा सांगतो. ती तर तो आधीही दोनदाच सांगायचा. त्या दिवाळीला उरलेली फुलं आम्ही विहिरीत टाकली नाहीत, खड्डा करून खत केलं. आणि मी मोकळ्या मनाने झोपायला लागले, दुपारीसुद्धा.

यंदाच्या मे महिन्यात विहीर पुन्हा उघडली. या वेळी सासूबाई स्वतः हजर, हातात जवसाच्या तेलाची बाटली. मला म्हणाल्या, “तूच लाव.” मी नव्या टोपलीत मातीची पणती ठेवली, वात लावली. शेखर शेजारी लिंबाच्या सावलीत बसला होता.

“एक सांगू?” तो म्हणाला. “हसशीन तू.”

“सांगा.”

“मले खालचं थोडं थोडं आठवते. मी दोर सोडला, आन् पायतो तं कोपऱ्यात एक मानूस उकिडवा बसेल. उघडं आंग, नुसतं धोतर. लय चिडेल होता. मले म्हने, ‘मी इझवला नं रे दिवा... दोन खेप चिमटीत धरला... तरी तुमी उतरले काहून?’ मंग मी पडलो. त्यानं मायं डोकं मांडीवर घेतलं. तोंड चिखलात जाऊ देल्लं नाई. एवढंच आठवते.”

मी टोपलीला सुतळीची गाठ मारली. मी म्हणाले, “हवा कमी पडली की मेंदू काहीबाही दाखवतो. चारुता मॅडम म्हणत होत्या.”

“दाखवत असन,” तो म्हणाला आणि हसला. त्याचं जुनं हसू.

मी पणती खाली सोडली. दहा फूट, वीस फूट, ज्योत सरळ. तीसच्या आसपास ती बारीक झाली, निळसर झाली आणि गेली. वारा नव्हता. मग सासूबाईंनी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाल्या, “इझला. कोनी उतराचं नाई.” आम्ही सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. खुशालरावांनी दोन दिवस खाली हवा मारली, गाळ मशीनने काढला, आणि एकही माणूस तळाला गेला नाही. विझलेल्या दिव्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. मी सगळ्यांना पेढे वाटले.

पेढ्यांचा डबा ठेवायला खोपडीत गेले तेव्हा खुंटीला ती जुनी टोपली दिसली. वर्षभर मी तिला हात लावला नव्हता, कोणाला लावू दिला नव्हता. त्या दिवशी मन इतकं हलकं होतं की म्हटलं, टाकून देऊ एकदाची. टोपली घेऊन दारात, उन्हात आले.

टोपलीचं बूड स्वच्छ होतं. ती तळाला टेकलीच नव्हती. पणतीही स्वच्छ, नुसती धूळ. शेखर उतरायच्या आधीच ती मी वर ओढून, नीट न बघता खुंटीला टांगली होती.

प्लॅस्टिकच्या ज्योतीवर मात्र वाळलेला काळा गाळ होता. एका बाजूला अंगठ्याचा ठसा, दुसऱ्या बाजूला बोटाचा, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. आणि त्याच्या जरा वर, जास्त जोर लावून दाबलेला, पुन्हा एकदा तसाच.